हेडफोन आणि अँप्लिफायरचे ओहम जुळवावे लागतात का?

हेडफोनचा इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात) ३२ ओहम असेल, तर पोर्टेबल अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्सही (म्हणजे त्याच्या स्वतःच्या आउटपुटचा अडथळा) ३२ ओहमच हवा, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असला तरी तो चुकीचा आहे. दोन्ही समान असताना सर्वाधिक शक्ती पोहोचते हा नियम खरा. पण तो स्रोताचा (इथे अँप्लिफायरचा) इम्पीडन्स बदलता येत नसेल तेव्हाचा आहे, आणि अँप्लिफायरची निवड तर आपल्याच हाती असते.

खरा तोटा आवाजाच्या समतोलात होतो. अनेक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे भाग) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार बराच बदलतो. समजा, तो एका वारंवारतेला १६ आणि दुसरीला ६४ ओहम आहे; मग ३२ ओहमच्या आउटपुटवर त्या दोन ठिकाणच्या पातळीत सुमारे ६ डेसिबलचा फरक पडेल, तर १ ओहमच्या आउटपुटवर जेमतेम ०.४ डेसिबलचा. म्हणूनच आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा ढोबळ संकेत आहे. महागडा डॅक (डिजिटल संकेताचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) जोडून हा दोष जात नाही, कारण तो डॅकच्या पुढे, अँप्लिफायर आणि हेडफोन यांच्या जोडणीत उद्भवतो.

अँप्लिफायरच्या खोक्यावरचे ‘१६ ते ३०० ओहम’ हे आकडे मात्र आउटपुट इम्पीडन्सचे नसून त्यावर चालू शकणाऱ्या हेडफोनच्या इम्पीडन्सचे असतात.