तापीकाठचा अरबी घोडा: खानदेशातील अश्वप्रेमी मंडळांमागचा इतिहास

खानदेशात अरबी घोड्याची चर्चा दरवर्षी मार्गशीर्षात जोर धरते. शहादे तालुक्यात तापीच्या काठी असलेल्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, यात्रेबरोबर घोडेबाजार उभा राहतो आणि राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, पंजाब, उत्तर प्रदेश येथून आलेल्या दावणींमधून काही घोडे 'अरबी' म्हणून दाखवले जातात. त्याच सुमारास घोडे बाळगणारी हौशी मंडळी एकत्र येतात, अश्वप्रदर्शनाची तयारी होते, कोणाच्या घोडीला शिंगरू झाले आणि कोणी कोठून वळू घोडा आणला याची माहिती एकमेकांना दिली जाते. अशा मंडळांच्या कामाचे महत्त्व समजून घ्यायचे तर हा घोडा या खोऱ्यात कोणत्या वाटेने आला, येथे त्याचे काय झाले आणि त्याच्या वंशाची नोंद कधी ठेवली गेली व कधी सुटली, हे पाहावे लागते.

जातिवंत अरबी घोडा उंचीने फार मोठा नसतो. त्याची उंची साधारणपणे ५७ ते ६१ इंच भरते. कपाळ रुंद, डोळे मोठे, नाकपुड्या विस्तृत, चेहऱ्याची रेषा डोळ्यांखाली किंचित आत वळलेली, मान कमानदार आणि चालताना शेपूट उंच, ही त्याची बाह्य ओळख आहे. त्याची पाठ आखूड दिसते. बहुतेक घोड्यांना बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, तर अनेक अरबी घोड्यांना १७ असतात आणि कमरेचे मणकेही बऱ्याचदा सहाऐवजी पाच असतात. वाळवंटात थोड्या चाऱ्यापाण्यावर लांबचा पल्ला काटण्यासाठी बदाऊ म्हणजे भटक्या अरब टोळ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवला. घोड्याचा वंश ते मादीकडून मोजत आणि कुहैलान, सक्लावी, अबैयान, हमदानी, हदबान अशा घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवत. लिहिलेला कागद नसतानाही वंश शुद्ध राहिला तो या स्मरणशक्तीमुळे आणि वंशाबाबत खोटे बोलणे हा टोळीचा अपमान मानला जात असल्यामुळे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अरबी घोडे उतरवण्याचा व्यापार फार जुना आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने या व्यापाराचे वर्णन केले आहे. दख्खनमधील राज्यांना घोडदळाशिवाय टिकणे अशक्य होते आणि चांगली पैदास येथे पुरेशी होत नसल्याने चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतून घोडे सतत येत राहिले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्यातील घोड्यांच्या व्यापारावर पकड बसवली, ती त्यातून मिळणाऱ्या जकातीसाठी आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना त्याची गरज होती म्हणून. खानदेशाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे बंदर होते सुरत. सुरतेहून निघणारी व्यापाराची वाट नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर अशी तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला जाई आणि तेथून आग्र्याकडे वळे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच्या प्रवासवर्णनात या मार्गावरचे मुक्काम एकामागून एक येतात. बसरा आणि आखाती बंदरांतून सुरतेत उतरलेला माल, आणि त्या मालात घोडेही, उत्तरेकडे जाताना याच वाटेचा उपयोग करीत. आज सारंगखेड्याला जमणारा घोडेबाजार या वाटेपासून फार दूर नाही. हा बाजार तीनशेहून अधिक वर्षांचा असल्याचे परंपरेने सांगितले जाते. वाट आणि बाजार यांचे नाते मला योगायोगाचे वाटत नाही, कारण जेथे काफिले मुक्काम करतात आणि नदी ओलांडण्याचे उतार असतात तेथेच जनावरांचे बाजार रुजतात.

थाळनेर ही फारुकी घराण्याची पहिली राजधानी होती. पुढे बऱ्हाणपूर वसले आणि १६०१ मध्ये असिरगड अकबराच्या हाती गेल्यावर खानदेश मोगलांचा सुभा झाला. मोगल अमलाबरोबर घोड्यांच्या नोंदीची काटेकोर पद्धतही आली. मनसबदाराने दाखवलेल्या प्रत्येक घोड्याला डाग दिला जाई आणि त्याचे वर्णन कागदावर उतरवले जाई, म्हणजे हजेरीच्या वेळी चांगला घोडा दाखवून प्रत्यक्षात हलके तट्टू बाळगता येत नसे. डाग देण्याची पद्धत त्याआधी अलाउद्दीन खिलजीनेही अमलात आणली होती. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त घोड्यांचे सात वर्ग दिले आहेत: अरबी, इराणी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगली. यातील मुजन्नस हा इराणी घोड्यासारखा दिसणारा, पण वेगळा गणलेला वर्ग होता. चारशे वर्षांपूर्वीचे सरकार जातिवंत आणि जातिवंतासारखा यांत फरक करत होते आणि त्या फरकाप्रमाणे दामही ठरवत होते, ही गोष्ट आजच्या घोडेबाजारात फिरताना आवर्जून आठवावी अशी आहे.

मराठ्यांच्या काळात खानदेश हा गुजरात आणि माळवा या दोन्हींचा दरवाजा ठरला. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे बालपण खानदेशातील तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेले आणि कंठाजी कदमबांडे यांच्या घोडदळात त्यांची कारकीर्द सुरू झाली. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला सरकारी पागेतील घोडा मिळे. त्यामुळे शिलेदाराच्या दृष्टीने घोडा हीच दौलत होती आणि तो लढाईत पडला तर चाकरीच धोक्यात येई. मराठी घोडदळाचा मुख्य आधार मात्र शुद्ध अरबी घोडा नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी आणि एकूणच दख्खनी घोडा लहान चणीचा, काटक आणि डोंगर चढणारा होता. त्यात अरबी व तुर्की रक्त मिसळत गेले, पण बांधा आणि स्वभाव येथील मातीचा राहिला. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ही महाराष्ट्रातील सर्वच अश्वपालकांना आनंदाची बातमी आहे.

राजस्थान आणि सौराष्ट्रातील घोड्यांतही अरबी रक्त आहे. कच्छच्या किनाऱ्यावर अरबी घोड्यांचे जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या घोड्यांपासून मारवाडी वंश सुधारला, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. तिचा पुरावा नाही, पण मारवाडी घोड्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अरबी घोड्यांशी असलेल्या नात्याला दुजोरा देतो. सारंगखेड्याला सर्वाधिक दिसणारे घोडे मारवाडी आणि काठेवाडी असल्याने ही बाब येथे महत्त्वाची ठरते. त्या घोड्यांत अरबी पूर्वज आहेत म्हणून ते अरबी होत नाहीत. त्यांचे कान टोकांशी आत वळून एकमेकांना भिडतात, त्यांची रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न बसणारी, चाल वेगळी आहे आणि त्यांचा मान स्वतःचा आहे.

इंग्रजी अमलात अरबी घोड्यांचा व्यापार सुरतेहून मुंबईकडे सरकला. बसरा आणि कुवेत येथून नज्द व इराकमधील घोडे जहाजाने मुंबईत येत, तेथील अरब व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून फौजेचे अधिकारी, संस्थानिक आणि शर्यतीचे शौकीन ते घेत. मुंबईच्या सुरुवातीच्या घोडेशर्यती भायखळ्याच्या मैदानावर होत आणि त्यांत अरबी घोड्यांचेच वर्चस्व होते. महालक्ष्मीचे मैदान नंतरचे. शिरूरजवळच्या आलेगावला कंपनी सरकारने पैदास केंद्र चालवले होते आणि गावाच्या नावापुढे 'पागा' आजही लागतो. याच काळात इंग्लंडमध्ये ब्लंट दांपत्याने १८७८ मध्ये क्रॅबेट येथे अरबी घोड्यांचा पैदास तबेला सुरू केला आणि लेखी वंशपुस्तकांचे महत्त्व वाढत गेले. इंग्लंडच्या शर्यतीच्या थरोब्रेड जातीचे मूळ तर त्याहून आधीच तीन आयात घोड्यांपर्यंत नेले जाते, त्यांतील डार्ली अरेबियन १७०४ मध्ये अलेप्पोहून आणला होता. मुंबईत उतरलेल्या बहुतेक घोड्यांच्या वाट्याला असे वंशपुस्तक आले नाही. ते विकले गेले, शर्यतीत धावले, फौजेत गेले, संस्थानांच्या पागांत स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर झाला आणि त्यांच्या वंशाचा धागा तुटला. खानदेशातील जुन्या घराण्यांत 'आजोबांच्या वेळी अरबी घोडा होता' असे जे सांगितले जाते ते पुष्कळदा खरेही असेल, पण त्या घोड्यापासून आजच्या शिंगरापर्यंत येणारी नोंद नसेल तर त्या आठवणीवर पैदास उभी करता येत नाही.

सन १९०० मध्ये सुरत ते जळगाव हा ताप्ती व्हॅली रेल्वेमार्ग पुरा झाला आणि जुन्या काफिल्यांच्या वाटेचे काम आगगाडीने घेतले. त्यानंतर मोटारी आल्या, फौजेचे यांत्रिकीकरण झाले, संस्थाने विलीन झाली आणि १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर उरल्यासुरल्या पागाही ओस पडल्या. वाहतुकीसाठी घोडा सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, रस्ते पोहोचेपर्यंत टिकला, पण ते भार वाहणारे लहान तट्टू होते. देशाचा आकडा अधिक बोलका आहे: २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे ६ लाख २५ हजार होती, ती २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट झाली.

अशा घसरणीत सारंगखेड्याचा बाजार वाढला, याचे कारण घोड्याचे काम बदलले. लग्नाची वरात, मिरवणूक, ढोलावर नाचणारा घोडा आणि हौस यांसाठी आता घोडा घेतला जातो. गेल्या दशकात चेतक फेस्टिव्हलच्या नावाने शर्यती, नृत्य आणि सौंदर्यस्पर्धा सुरू झाल्या आणि बाजाराची ख्याती राज्याबाहेर पोहोचली. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, यात्रा भरली नाही, तेव्हा घोडेवाल्यांचा वर्षाचा मोठा व्यवहारच बुडाला. या नव्या मागणीने बाजार वाचवला, पण तिने निवडीची दृष्टीही बदलली. उंची, पांढरा रंग, पंचकल्याणी खुणा (चारही पाय आणि तोंड पांढरे असणे) आणि अंगावरचे केसांचे भोवरे यांवर दाम ठरू लागले. देवमण नावाचा भोवरा असलेला घोडा शुभ मानणे ही श्रद्धा आहे आणि तिचा आदर राखावा, पण भोवऱ्यावरून वंश कळत नाही. नाचासाठी काटेरी लगाम वापरून तोंड फोडण्याचे प्रकार मात्र कोणत्याही परंपरेच्या नावाखाली चालू देऊ नयेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे आणि घोडा बाळगणाऱ्या मंडळांनीच तो प्रथम पाळला पाहिजे.

बाजारात सर्वांत मोठा गोंधळ रंगाचा होतो. पांढराशुभ्र नुकरा दिसला की तो अरबी म्हणून सांगितला जातो. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते आणि तो जन्मतःच पांढरा असतो. पांढरा दिसणारा अरबी घोडा मात्र जन्मतः कुमेत, तांबूस किंवा काळा असतो, वयाबरोबर त्याचे केस पांढरे होत जातात आणि त्याखालची कातडी काळीच राहते. नाकपुडीभोवती आणि डोळ्यांभोवती ती सहज दिसते. ज्या जनुकामुळे फिकट मलईसारखा रंग येतो ते शुद्ध अरबी वंशात नाही, तसेच पाठीवरून उतरणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांचा अबलखही नाही. पासष्ट इंची उंच, अबलख आणि 'अस्सल अरबी' असे तिन्ही एकाच घोड्याविषयी कोणी सांगत असेल तर खरेदीदाराने तेथेच थांबावे.

आज अरबी घोड्याची शुद्धता ठरते ती नोंदीवर. जागतिक अरबी अश्व संघटना गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी आकाराला आली आणि तिने मान्य केलेल्या वंशपुस्तकात ज्याची नोंद आहे तोच घोडा शुद्ध अरबी, अशी व्याख्या रूढ झाली. शिंगराच्या आईबापांची डीएनए चाचणीने खातरजमा होते आणि ओळखीसाठी मानेत मायक्रोचिप बसवली जाते. खानदेशातील अश्वप्रेमी मंडळांचे खरे काम मला येथे दिसते. प्रदर्शन एका दिवसात संपते. जन्मतारीख, आईबाप, रंग, खुणा, उंची आणि छायाचित्र यांची वही वर्षानुवर्षे चालवावी लागते. घोडा मारवाडी असो, काठेवाडी असो की संकरित, त्याची खरी नोंद झाली तर त्याचीही किंमत वाढते, आणि संकरिताला संकरित म्हणण्यात कमीपणा नाही.

या भागाचे हवामान अरबी घोड्याला प्रतिकूल नाही. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पातळ कातडीचा, अंगातील उष्णता लवकर बाहेर टाकणारा हा घोडा असे ऊन इतर परदेशी जातींपेक्षा चांगले सोसतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी आणि हरभरा होतो, त्यामुळे कडबा आणि चंदी दोन्ही जवळ मिळतात. अरबी घोड्याची खरी कसोटी सहनशक्तीच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत लागते. त्यांत प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याला तपासतात आणि हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळात मिनिटाला ६४ पर्यंत उतरले नाहीत तर तो बाद होतो. दमलेल्या घोड्याला चाबकाने पुढे नेता येत नाही, म्हणून मला हा प्रकार डांबरी रस्त्यावरच्या गाडीशर्यतीपेक्षा कितीतरी चांगला वाटतो, आणि येथील मंडळांनी त्याची छोट्या अंतराची तयारी जरूर सुरू करावी.

यात्रेपूर्वी मंडळांकडे आणखी एक तातडीचे काम असते. घोडा, गाढव आणि खेचर यांना होणारा ग्लँडर्स हा जीवाणूजन्य रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित जनावराला कायद्याने दयामरण द्यावे लागते. त्याची भरपाई मिळते. निदानासाठी रक्ताचे नमुने हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. अनेक राज्यांतून घोडे एकाच मैदानावर येणाऱ्या बाजारात नवीन घोडा दावणीला बांधण्याआधी त्याचा तपासणी दाखला मागावा, तो काही दिवस वेगळा ठेवावा, आणि नाकातून घट्ट स्राव, ताप किंवा अंगावर गाठी दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. घोड्याच्या वंशाच्या वहीतच या दाखल्याचा क्रमांक आणि तारीख लिहिली, तर दोन्ही कामे एकाच पानावर होतात.