प्रश्न शून्य, म्हणजे लोकसभेत गप्प?

सोलापुरात निवडणुकीचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतं, ‘२००९ ते १४, शिंदेसाहेबांनी लोकसभेत एक प्रश्न विचारला नाही. नुसते बसून होते.’

प्रश्न नव्हते, हे बरोबर. पण त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे. सोलापूरचे तेव्हाचे खासदार सुशीलकुमार शिंदे त्या काळात केंद्रात मंत्री होते. आधी ऊर्जा, ३१ जुलै २०१२ पासून गृह. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणारा प्रश्न, असला की सदस्य एकामागून एक पूरक प्रश्न टाकतात आणि मंत्र्याला तिथल्या तिथे, उभं राहून बोलावं लागतं. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, तेही मंत्र्याला मांडता येत नाही. म्हणून खासदारांच्या कामगिरीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य!

आता १९ मार्च २०१३ चा दिवस घ्या. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतरचं फौजदारी कायदा सुधारणा विधेयक लोकसभेत त्यांनीच मांडलं आणि ते त्याच दिवशी मंजूर झालं. अ‍ॅसिड हल्ल्याला किमान १० वर्षं शिक्षा, बाईचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा, हे त्यातूनच आलं. माझ्या मते ही तरतूद कुठल्याही प्रश्नसंख्येपेक्षा मोठी आहे.

त्यांच्यावर टीका जरूर करा, पण त्या दिवसाची चर्चा वाचून. लोकसभेच्या संकेतस्थळावर ती तारखेनुसार मिळते.