जन्माआधीच सुरू होणारा रक्ताचा कर्करोग

बाळाला अजून वर्षही झालेलं नसतं आणि डॉक्टर रक्ताचा कर्करोग असल्याचं सांगतात. घरात पहिला सवाल होतो तो आईला. दिवस गेले होते तेव्हा काय खाल्लंस? ग्रहण पाळलं होतंस ना? कोल्हापुरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही हे चुकत नाही. यात काळाचा अंदाज तेवढा बरोबर असतो, कारण हा रोग बहुधा पोटातच सुरू झालेला असतो. आईवरचा ठपका मात्र साफ खोटा.

काही देशांत नवजात बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त जाड कागदी कार्डावर वाळवून जपून ठेवतात. पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांची अशी कार्डं ब्रिटिश संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांच्या गटाने १९९७ मध्ये तपासली. वाळलेल्या डागातही तोच जनुकीय बिघाड सापडला. अकराव्या गुणसूत्रावरचा केएमटी२ए हा जनुक तुटतो आणि दुसऱ्याच गुणसूत्राच्या तुकड्याला जाऊन चिकटतो. तान्ह्या बाळांना होणाऱ्या एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) या प्रकारात चारांपैकी साधारण तिघांत हेच दिसतं. हा बिघाड वारशाने येत नाही, पेशी विभागताना होतो. ग्रहणात भाजी चिरल्याने गुणसूत्र तुटत नाही.

सुरुवात फसवी असते. बाळ पांढरंफटक पडतं, दूध ओढत नाही, किरकिर करतं. आजी म्हणते, दात येत असतील. मग पोट फुगतं, कधी कातडीखाली निळसर गाठी दिसतात. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी कधीकधी तीन लाखांच्याही वर गेलेल्या असतात. या वयात त्या साधारण सहा ते सतरा हजार असायला हव्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि आकडा तीन लाखांवर, ही सर्वांत अवघड जोडी.

थोड्या मोठ्या मुलांतला एएलएल आज प्रगत देशांत दहांपैकी नऊ जणांत बरा होतो. तेच ऐकून पालक आशेने येतात, पण हा रोग नावापुरताच तो. इंटरफॅन्ट-०६ या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहा वर्षांनंतर रोग न उलटता जगलेली बाळं निम्म्याहूनही कमी होती. केमो वाढवावी तर तान्ह्याचं यकृत, आतडी कच्ची. जंतुसंसर्गानेच काही बाळं दगावतात. वाढत्या मेंदूला किरणं देणं शक्यतो टाळतात, म्हणून औषध पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात.

इथे ब्लिनॅटुमोमॅबने खरा फरक पाडला. या औषधाचं एक टोक कर्करोगी पेशीवरच्या सीडी१९ या प्रथिनाला धरतं, दुसरं बाळाच्याच टी-पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला. दोघी समोरासमोर आल्या की टी-पेशी आपलं काम करते. पंपातून सलग अठ्ठावीस दिवस थेंबथेंब द्यावं लागतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केमोला एका फेरीची जोड दिल्यावर दोन वर्षांनी सुमारे ८२ टक्के बाळं रोगमुक्त होती; आधीच्या उपचारात हा आकडा ४९ होता. बाळं तीसच होती, तुलनाही जुन्या नोंदींशी, तरीही एवढी उडी मला योगायोग वाटत नाही. अडचण किमतीची आहे.

एक अपवाद लक्षात ठेवायचा. डाऊन सिंड्रोम असलेल्या नवजात बाळाच्या रक्तात ल्युकेमियासारख्या पेशी दिसल्या, तर त्या बहुतेकदा काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप जातात. अशा वेळी केमोची घाई नको, लक्ष ठेवणं हवं.

कोल्हापूरकरांची वाट बहुधा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला, टाटा रुग्णालयाकडे जाते. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात बाळ घरी असताना ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते. त्याच तासाला दवाखाना गाठायचा, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. आणि प्लेटलेट लागतात, त्याही वारंवार. गणेशोत्सवातल्या शिबिरांत आपल्या तालमी बाटल्यांचा ढीग लावतात, पण प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. तालमीने दहा-बारा दात्यांची नावं ब्लड बँकेत देऊन ठेवली आणि फोन आल्यावर त्यातला एक जण फक्त प्लेटलेट काढून घेणाऱ्या मशीनवर तास-दीड तास बसायला गेला, तर उपयोग जास्त होतो.