पाच, चार की सात? महिला हँडबॉल जगज्जेतेपदाच्या मोजदादीची पार्श्वभूमी

१४ डिसेंबर २०२५ रोजी रॉटरडॅममध्ये नॉर्वेने जर्मनीवर २३-२० अशी मात केली आणि महिला हँडबॉलचे जगज्जेतेपद पाचव्यांदा आपल्या नावावर केले. यापूर्वी १९९९, २०११, २०१५ आणि २०२१ मध्ये हा मान त्यांना मिळाला होता. मात्र पाच हा आकडा सर्वाधिक आहे की नाही, याचे उत्तर पदकतालिका कोण मांडतो त्यावर ठरते. रशियाच्या नावावर २००१, २००५, २००७ आणि २००९ अशी चार विजेतेपदे आहेत. त्यांत सोव्हिएत संघाची १९८२, १९८६ आणि १९९० ही तीन मिळवली की बेरीज सात होते आणि नॉर्वे दुसऱ्या क्रमांकावर जातो. काही तालिका ही बेरीज करतात, काही करत नाहीत, आणि आपण ती का केली किंवा का टाळली याचा खुलासा क्वचितच कोणी देतो.

हा गुंता समजून घ्यायचा तर १९९० सालच्या दक्षिण कोरियातील स्पर्धेकडे पाहावे लागते. ही स्पर्धा नोव्हेंबरअखेर सुरू होऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. दोन्ही जर्मनी ३ ऑक्टोबरलाच एक झाले होते, तरी मैदानात संघ दोनच उतरले. इतकेच नव्हे, तर कांस्यपदकाच्या सामन्यात हे दोन संघ एकमेकांसमोर आले आणि पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीला हरवले. म्हणजे जो देश महिना-दोन महिन्यांपूर्वीच नकाशावरून पुसला गेला होता, त्याच्या खेळाडूंनी गळ्यात पदक घातले, तेही आपल्याच नव्या देशबांधवांना नमवून. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियाचा पराभव केला. पहिल्या चार क्रमांकांचे हे चारही संघ पुढे त्या रूपात जागतिक स्पर्धेत दिसले नाहीत. दुसऱ्या कोणत्या खेळात एकाच स्पर्धेच्या पहिल्या चारही संघांची अशी गत झाली असेल, असे वाटत नाही.

सोव्हिएत विजेतेपदे सरसकट रशियाच्या खात्यात टाकण्याला खरा आक्षेप कीव्हमधून निघतो. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सोव्हिएत महिला हँडबॉलचा कणा कीव्हमधील एका क्लबात होता. या क्लबाने युरोपीय विजेत्या क्लबांचा चषक तेरा वेळा जिंकला, आणि १९७६ साली माँट्रिअलमध्ये महिला हँडबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले तेव्हा सुवर्णपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत संघातील बहुतेक खेळाडू याच क्लबाच्या होत्या. क्लबाचा प्रशिक्षक हाच राष्ट्रीय संघाचाही प्रशिक्षक होता. ही पुण्याई मॉस्कोच्या नावे जमा करायची तर युक्रेनने काय करावे, हा प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही. राजकीय व्यवहारात रशिया हा सोव्हिएत संघाचा वारसदार मानला गेला हे खरे. पण दूतावासाच्या इमारतींची वाटणी आणि विजेतेपदांची वाटणी एकाच कागदावर करण्याचे कारण नाही.

शिवाय एकदा वारशाचा न्याय लावायचा ठरवले, तर तो सर्वांना सारखा लावावा लागतो, आणि तिथेच बेरीज करणाऱ्यांची अडचण होते. पूर्व जर्मनीने १९७१, १९७५ आणि १९७८ अशी तीन विजेतेपदे मिळवली होती. एकत्रित जर्मनीने १९९३ साली ऑस्लोत डेन्मार्कला जादा वेळेत हरवून पहिले मिळवले. जर्मनीच्या नावावर मात्र सहसा एकच लिहिले जाते, चार नव्हे. युगोस्लाव्हियाने १९७३ साली आपल्याच देशात जिंकलेले जगज्जेतेपद तर निराधारच राहिले आहे. सर्बिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो आणि स्लोव्हेनिया यांपैकी ते कोणाला द्यायचे, हे ठरवण्याच्या भरीस कोणी पडत नाही. अशा स्थितीत प्रत्येक संघाची विजेतेपदे तो ज्या नावाने खेळला त्याच नावावर ठेवणे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग ठरतो, भले त्यामुळे यादी लांबली तरी.

नावाचा हा प्रश्न जुन्या काळापुरता उरलेला नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाचा वारसा सांगणारा ‘संयुक्त संघ’ कांस्यपदक घेऊन गेला. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणातील निर्बंधांमुळे २०२१ साली स्पेनमधील जागतिक स्पर्धेत रशियन खेळाडू देशाच्या नावाने उतरू शकल्या नाहीत. फलकावर त्यांच्या राष्ट्रीय हँडबॉल संघटनेची केवळ आद्याक्षरे झळकत होती. त्या वर्षी हा संघ जिंकला असता तर ते विजेतेपद कोणत्या रकान्यात गेले असते, हे सांगणे कठीण आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशिया आणि बेलारूस यांना स्पर्धांतून दूर ठेवण्यात आले, आणि २०२३ व २०२५ च्या दोन्ही जागतिक स्पर्धा चार वेळच्या विजेत्याविना पार पडल्या. नॉर्वे आणि फ्रान्स यांच्या अलीकडच्या यशाची चर्चा करताना ही अनुपस्थिती विसरून चालणार नाही.

दरम्यान खेळाचा नकाशाही विस्तारला. १९९५ मध्ये दक्षिण कोरिया युरोपाबाहेरचा पहिला विजेता ठरला. त्यानंतर थेट २०१३ मध्ये ब्राझीलने बेलग्रेडच्या खच्चून भरलेल्या सभागृहात यजमान सर्बियाला २२-२० असे हरवले. त्या संघाचा प्रशिक्षक डॅनिश होता आणि त्यातील अनेक खेळाडू ऑस्ट्रियातील एकाच क्लबात एकत्र खेळून तयार झाल्या होत्या, त्यामुळे हा विजयही पुरता युरोपाबाहेरचा म्हणता येत नाही. १९९७ पासून चोवीस असलेली संघसंख्या २०२१ मध्ये बत्तीस झाली. २०२५ च्या स्पर्धेसाठी आशियाची पात्रता ठरवणारी स्पर्धा डिसेंबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत झाली आणि जपानने ती जिंकली.

स्पर्धेचा क्रमांक हाही असाच हिशेबाचा भाग आहे. २०२५ ची स्पर्धा सत्ताविसावी मानली जाते, कारण मोजणी १९५७ च्या युगोस्लाव्हियातील स्पर्धेपासून होते. तिच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाने हंगेरीवर ७-१ असा विजय मिळवला. आज एवढे गोल पहिल्या दहा मिनिटांत होतात. १९६८ ची स्पर्धा सोव्हिएत संघात व्हायची होती, परंतु त्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे घुसल्यावर ती रद्द झाली आणि क्रमांकातही धरली गेली नाही. १९५७ च्या आधी आणि त्यानंतरही एकदा, अकरा जणींच्या संघांची उघड्या मैदानावरील जागतिक स्पर्धा भरली होती: १९४९, १९५६ आणि १९६० अशी तीनदा. तो खेळ मागे पडला आणि त्याची विजेतेपदे स्वतंत्र यादीत गेली. २०२७ ची स्पर्धा हंगेरीत आहे. यजमानांच्या नावावर १९६५ चे एकच जगज्जेतेपद लागते. १९४९ साली बुडापेस्टमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर त्यांनी जिंकलेली जागतिक स्पर्धा त्या मोजणीत नाही.