जॉब कोचिंग (दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी)

जॉब कोचिंग : शालेय शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यातील दिव्यांग विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाच्या जागी, त्याच्या शेजारी राहून काम शिकवण्याची आणि तो सरावला की स्वतः बाजूला होण्याची पद्धत. शिकवणाऱ्या व्यक्तीस जॉब कोच म्हणतात. ही पद्धत मुख्यतः बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात वाढली. मेंदूला इजा झालेल्या आणि बहुविकलांग विद्यार्थ्यांसाठीही ती वापरतात. दृष्टिहीन व कर्णबधिर विद्यार्थ्यांची अडचण बरेचदा योग्य साधने किंवा दुभाषी मिळाल्यावर सुटते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तिचा उल्लेख कमी आढळतो. जॉब कोच त्या आस्थापनेचा पर्यवेक्षक नसतो. त्याची नेमणूक सामान्यतः शाळा, पुनर्वसन खाते किंवा स्वयंसेवी संस्था करते.

उगम : या पद्धतीचा आरंभ नेमका कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील इतिहास सांगणारे लेखक 1960 च्या दशकातील ‘वर्क-स्टडी’ कार्यक्रमांकडे बोट दाखवतात. त्यांत माध्यमिक शाळा व राज्यांची पुनर्वसन खाती मिळून सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दिवसाचा काही भाग कामावर पाठवत, आणि शिक्षकच समन्वयकाचे काम पाहत. मात्र हा शिक्षक जागा मिळवून देई आणि अधूनमधून चौकशी करी. काम टप्प्याटप्प्याने शिकवण्याचे तंत्र त्याच्याजवळ नव्हते. म्हणून या कार्यक्रमांना पूर्वपीठिका म्हणणे ठीक, उगम म्हणणे कठीण.

दुसरे मत ब्रिटनमधील प्रयोगांना श्रेय देते. 1950 च्या दशकात जॅक टिझर्ड व नील ओ’कॉनर, तसेच अ‍ॅलन क्लार्क व बीट हर्मेलिन यांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना औद्योगिक स्वरूपाची कामे शिकवून पाहिली. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लार्क-हर्मेलिन यांच्या अभ्यासात सायकलचा पंप जोडण्यासारखी कामे होती. पहिल्या दिवशीच्या कामगिरीवरून शेवटच्या कामगिरीचा अंदाज बांधता येत नाही, हा त्यातून निघालेला मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला. प्रवेशचाचणी घेऊन ‘हा कामास अयोग्य’ असा शिक्का मारण्याच्या तत्कालीन रिवाजाचा आधारच त्याने काढून घेतला. तरीही हे प्रयोग संस्थांच्या चार भिंतींत झाले; सर्वसाधारण बाजारातल्या खुल्या नोकरीशी त्यांचा संबंध अप्रत्यक्षच होता.

तिसरे मत, आणि उपलब्ध पुरावा पाहता अधिक ग्राह्य वाटणारे, मार्क गोल्ड (1939–82) यांच्यापासून सुरुवात करते. इलिनॉय विद्यापीठात काम करणाऱ्या गोल्ड यांनी 1972 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार संरक्षित कार्यशाळांतील (फक्त दिव्यांगांसाठी चालवलेल्या कामाच्या जागांतील) 64 व्यक्तींना त्यांनी सायकलचा ब्रेक जोडायला शिकवला, आधी 15 भागांचा आणि मग 24 भागांचा. काहींना दिलेल्या भागांची एक बाजू रंगवलेली होती. रंगाची बाजू समोर ठेवली की भाग बरोबर बसे. रंग असलेल्या गटाने काम लवकर आत्मसात केले. एखाद्याला काम येत नसेल तर दोष शिकणाऱ्यात न शोधता शिकवण्याची रीत बदलावी, ही गोल्ड यांची भूमिका. कामाचा आशय व शिकवण्याची प्रक्रिया यांची त्यांनी केलेली फारकत आजच्या कोचच्या प्रशिक्षणातही टिकून आहे. तोंडी शाबासकीबाबत ते हात राखून होते. काम बरोबर चालले असेल तर कोचने गप्प राहावे, असे ते सांगत. पुढील पिढीतील अनेकांना हे रुचले नाही आणि आज कौतुकाचा वापर सर्रास होतो.

गोल्ड यांचेही काम बरेचसे कार्यशाळेतले. प्रशिक्षकाला खुल्या बाजारातील नोकरीच्या जागी नेण्याचे श्रेय 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात व 1980 च्या आरंभी व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील पॉल वेमन व त्यांचे सहकारी, ऑरेगॉन विद्यापीठातील टॉम बेलामी आणि विस्कॉन्सिनमधील लू ब्राउन यांच्याकडे जाते. ‘आधी तयारी, मग नोकरी’ हा क्रम उलटून ‘आधी नोकरी, मग तिथेच तयारी’ असा त्यांनी केला. त्यामागचे कारण तांत्रिक होते: वर्गात किंवा कार्यशाळेत शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. कोणाचे काम आधीचे, हा वाद मुख्यतः प्रकाशनाच्या तारखांचा आहे आणि त्यातून फारसे हाती लागत नाही.

शिकवण्याचे तंत्र : कोच प्रथम स्वतः ते काम करतो. विद्यार्थी येण्याआधी एकदोन पाळ्या काम केल्याशिवाय त्यातील अडनिड्या जागा कळत नाहीत. त्यानंतर कार्यविश्लेषण, म्हणजे कामाची सुट्या व दिसू शकणाऱ्या पायऱ्यांत फोड केली जाते. ग्रंथालयात परत आलेले पुस्तक जागेवर लावायचे असेल तर ‘पुस्तक लाव’ ही पायरी होत नाही. गाडीवरून एक पुस्तक उचलणे, पाठीवरचा क्रमांक पाहणे, पहिल्या अंकांवरून रांग शोधणे, पुढच्या अंकांवरून फळी शोधणे, दोन पुस्तकांतली नेमकी फट करणे, पुस्तक सरकवणे, पाठ इतरांच्या ओळीत आणणे, अशा त्याच्या पायऱ्या. फोड किती बारीक करायची हे विद्यार्थ्यावर अवलंबून. एकाला सात पायऱ्या पुरतात, दुसऱ्याला वीस लागतात.

प्रत्येक पायरीवर कोच जी मदत करतो तिला संकेत म्हणतात. संकेतांची चढती श्रेणी सामान्यतः अशी: अप्रत्यक्ष शब्द (‘आता पुढे काय?’), थेट सूचना (‘क्रमांक बघ’), खूण, करून दाखवणे आणि शेवटी हात धरून करवून घेणे. कमीकडून जास्तीकडे जाणाऱ्या पद्धतीत कोच काही सेकंद थांबतो आणि विद्यार्थी अडला तरच श्रेणीतील पुढचा संकेत देतो. जास्तीकडून कमीकडे जाणाऱ्या पद्धतीत सुरुवातीलाच भरपूर मदत देऊन ती उतरवत नेतात. यंत्राशी संबंधित, चूक झाल्यास इजा होऊ शकेल अशा कामांत दुसरी पद्धत सुरक्षित मानली जाते. कालविलंब ही तिसरी रीत: पहिल्या काही फेऱ्यांत संकेत सूचनेबरोबरच दिला जातो आणि पुढे तो ठरलेल्या सेकंदांनी लांबवला जातो. या तिन्हींपैकी श्रेष्ठ कोणती, याचा निर्वाळा संशोधनातून सरसकट मिळत नाही. अनुभवी कोच एकाच पाळीत तिन्ही वापरतात, हे नोंदवहीत मात्र उतरत नाही.

नोंदवही हा या पद्धतीचा कणा. प्रत्येक पायरी विद्यार्थ्याने स्वतःहून केली की कोणत्या संकेतावर, हे दररोज लिहिले जाते. स्वतःहून केलेल्या पायऱ्यांची टक्केवारी सलग काही दिवस ठरलेल्या पातळीवर राहिली की कोच अंतर वाढवू लागतो: शेजारून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग खोलीबाहेर, मग एक दिवसाआड. हे मागे सरणे उशिरा सुरू झाले तर संकेतावलंबन जडते. विद्यार्थी कामाकडे न बघता कोचच्या चेहऱ्याकडे बघून पुढचे पाऊल टाकतो. शिकवण्याइतकेच मागे सरण्याचेही नियोजन पहिल्या दिवसापासून व्हावे लागते, आणि व्यवहारात नेमके तेच मागे पडते.

नैसर्गिक आधार : 1988 मध्ये जॅन निस्बेट व डेव्हिड हॅगनर यांनी जॉब कोचच्या भूमिकेवरच प्रश्न उभा केला. बाहेरून आलेला माणूस सतत शेजारी उभा असेल तर सहकारी दूर राहतात आणि विद्यार्थी त्या जागेचा कधीच होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नवख्याला काम दाखवणारा सहकारी, आठवण करून देणारा पर्यवेक्षक असे आधार बहुतेक ठिकाणी मुळातच असतात, आणि कोचने त्यांना जागे करावे. ही टीका आज बहुतांशी मान्य आहे. तथापि तीव्र अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना निव्वळ सहकाऱ्यांच्या भरवशावर सोडणे म्हणजे नेटक्या अध्यापनाला मुकणे, हा जुन्या संप्रदायाचा आक्षेपही गैरलागू नाही.

कायदे व योजना : अमेरिकेत 1984 व 1986 च्या कायद्यांनी आधारयुक्त रोजगाराला, म्हणजे कोचसारख्या मदतीसह केलेल्या खुल्या नोकरीला, मान्यता व निधी दिला. 1990 च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळेतून बाहेर पडतानाच्या संक्रमण सेवा शाळांवर बंधनकारक केल्या. 2004 च्या दुरुस्तीनुसार त्यांचे नियोजन विद्यार्थी 16 वर्षांचा होईपर्यंत तयार असावे लागते. 1996 मध्ये सिनसिनाटीतील बालरुग्णालयात सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’ या उपक्रमात शालेय वर्ष रुग्णालयातच घालवून विद्यार्थी वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीने काम शिकतात. हा नमुना नंतर इतर देशांतही गेला. इंग्लंडमध्ये 16 ते 24 वयोगटासाठी कोचसह किमान सहा महिन्यांची आधारयुक्त उमेदवारी (कामाच्या जागी राहून शिकण्याची सोय) आहे. जर्मनीत 2009 पासून कामाच्या जागी पात्रता मिळवण्यासाठी साधारणतः दोन वर्षांपर्यंतचा काळ मिळतो. जपानमध्ये 2002 पासून जॉब कोचची शासकीय व्यवस्था आहे, पण तिचा रोख विद्यार्थ्यांपेक्षा नोकरदारांकडे अधिक. भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात व्यावसायिक प्रशिक्षणाची तरतूद आहे.

परिणाम : 2009 मध्ये डेव्हिड टेस्ट व सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात शाळेनंतरच्या यशाशी निगडित 16 घटक पुढे आले. शाळेत असतानाच मिळालेला सवेतन कामाचा अनुभव हा त्यांपैकी एक होय. स्वमग्न विद्यार्थ्यांवरील वेमन व सहकाऱ्यांच्या 2014 मधील यादृच्छिक चाचणीत (जीत कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) रुग्णालयातील प्रशिक्षण घेतलेल्या 24 पैकी 21 जणांना खुली नोकरी मिळाली, तर तुलनेच्या 16 जणांच्या गटात ती एकालाच मिळाली. फरक मोठा आहे. परंतु गट लहान होते आणि प्रशिक्षणात कोचिंगखेरीज इतर बरेच काही होते. केवळ कोचचा वाटा किती, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही.

मोबदला : विनावेतन प्रशिक्षण कोठे संपते आणि फुकट राबवणे कोठे सुरू होते, हा जुना वाद आहे. अमेरिकेच्या श्रम व शिक्षण खात्यांनी 1992 मध्ये एका कामासाठी शालेय वर्षातील मर्यादा सुचवल्या: काम पारखून पाहण्यास 5 तास, मूल्यमापनास 90 तास आणि प्रशिक्षणास 120 तास. विद्यार्थ्यामुळे नियमित कामगाराची जागा जाता कामा नये, ही अटही त्यांत आहे. कोच शेजारी उभा असताना झालेले काम विद्यार्थ्याचे धरायचे की दोघांचे, याबाबत आस्थापनांचा कल सोयीनुसार बदलताना दिसतो.