ओसीआरची चूक आणि जुन्या फॉन्टचा घोळ

पीडीएफमधला मराठी उतारा उचलून दुसरीकडे चिकटवला आणि भलतेच काही उमटले, की ‘ओसीआर चुकले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा मात्र तिथे ओसीआरचा, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या प्रणालीचा, संबंधच नसतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वी संगणकावरची मराठी जुळणी श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टांत होत असे. त्यांत देवनागरीचे केवळ रूप रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असल्यामुळे, तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी मजकूर नेला की खालची रोमन अक्षरे आणि कंस उघडे पडतात.

हा घोळ दिसायला भयंकर असला, तरी तो नियमाने झालेला असतो. योग्य परिवर्तक (जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन) वापरला तर मजकूर बहुतांशी परत मिळतो. अडते ते क्रमापाशी: जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, रफाराचे नेमके उलटे.

स्कॅन केलेल्या पानात मुळात मजकूर नसतोच, असते ते चित्र. ओसीआर त्यातील आकारांवरून अक्षराचा अंदाज बांधते, म्हणून त्याची चूक वाचता येण्याजोगी आणि त्यामुळेच अधिक फसवी असते. शाई पुसट असेल तर ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ब’चा ‘व’ होतो, आणि ‘घन’चे ‘धन’ झाल्यावर शुद्धलेखन तपासनीसही तक्रार करत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. ‘आचाऱ्याला’ या शब्दातील अर्धा र ओळखता आला नाही, तर स्वयंपाकघरातला आचारी बघता बघता ‘आचार्य’ होतो. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘घरें’, ‘नांव’ असे अनुस्वार जागोजागी असतात. जुनाट कागदावरच्या डागांतून ते टिंब वेगळे काढणे अवघडच. मोडीतील हस्तलिखितापुढे तर देवनागरीसाठी घडवलेले ओसीआर निरुपयोगीच ठरते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. पान खूप मोठे करून पाहावे: कडा तुटक दिसल्या तर ते बहुधा स्कॅन, गुळगुळीत राहिल्या तर फॉन्ट. स्कॅन असल्यास ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) पुन्हा स्कॅन करून पाहावे आणि आकडे, नावे मूळ पानाशी ताडावीत, कारण ‘१’चा ‘९’ झाला तर तो परत फिरवणारा कोणताही परिवर्तक नाही. एक गंमत अशी, की जुन्या फॉन्टचा परिवर्तक सापडत नसेल, तर त्याच स्वच्छ पानांचे चित्र करून ते ओसीआरला दिल्यास काम अनेकदा लवकर उरकते.