ग्लॉक १९ आणि पी ३२०: दिसायला सारखी, ट्रिगरला वेगळी

ग्लॉक १९ आणि सिग साउअरचं पी ३२० कॉम्पॅक्ट ही दोन पिस्तुलं शेजारी ठेवली, तर कुठलं कोणतं हे नवख्याला सांगता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही. दोन्ही काळी, दोन्हींची फ्रेम पॉलिमरची, दोन्ही ९ मिलिमीटरची, दोन्हींच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. ग्लॉकची नळी १०२ मिलिमीटर, पी ३२० कॉम्पॅक्टची ९९. मागे आपटणारा घोडा (हॅमर) एकालाही नाही, आणि अंगठ्याने वर-खाली करायची सेफ्टीही नेहमीच्या मॉडेलांवर नसते. अमेरिकेतल्या बऱ्याच इनडोअर रेंजवर ही दोन्ही भाड्याने मिळतात. ‘दोन्ही एकच, हाताला येईल ते घ्या’ असा सल्लाही सोबत मिळतो. मला तो मुळीच मान्य नाही. खरा फरक आत आहे: बोट ट्रिगरला लागण्याआधी स्ट्रायकरची, म्हणजे गोळी उडवणाऱ्या आतल्या पिनेची, स्प्रिंग किती ताणलेली असते, हा. ट्रिगर हाताला कसा लागतो, सेफ्टी कशी बसवली आहे, पिस्तूल साफ करायला कसं उघडायचं, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

जुन्या पद्धतीच्या पिस्तुलात मागचा घोडा आपटतो आणि फायरिंग पिन पुढे जाते. स्ट्रायकरच्या पिस्तुलात स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, पोटातच स्प्रिंग लावलेली पिन असते. ताण सुटला की ती थेट काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या प्रायमरवर आदळते. ग्लॉकमध्ये स्लाइड मागे ओढून सोडली की ही स्प्रिंग अर्धवटच ताणली जाते, उरलेला ताण तुमचं बोट देतं. ट्रिगर दाबाल तसा त्याला जोडलेला ट्रिगर बार स्ट्रायकरला आणखी मागे नेतो, शेवटी कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्यावर सरकून खाली उतरतो आणि स्ट्रायकर सुटतो. पी ३२०मध्ये हे काम स्लाइडनेच जवळपास उरकलेलं असतं. स्ट्रायकर ताणून सिअर नावाच्या आतल्या अडसरावर अडकलेला असतो, आणि ट्रिगरने ती अडकण तेवढी सोडवायची असते.

दोन्हींच्या ट्रिगरचं वजन मोजलं तर फारसा फरक दिसणार नाही. कारखान्यातून येतात तेव्हा दोन्ही साधारण अडीच ते पावणेतीन किलोच्या आसपास असतात. पण वजनाचा आकडा आणि बोटाला येणारा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्लॉकचा ट्रिगर आधी सैलपणे मागे येतो, मग एका ठिकाणी घट्ट थांबतो. रेंजवर त्या जागेला ‘वॉल’ म्हणतात. तिथे दाब वाढवत नेला की काहीशा लवचिक, स्प्रिंगसारख्या झटक्याने गोळी सुटते. पी ३२०चा ट्रिगर सुरुवातीला हलका येतो आणि शेवटचा टप्पा गुळगुळीत सरकत जातो. गोळी नेमकी कुठल्या क्षणी सुटली ते पहिल्या काही वेळा कळतही नाही. गोळी सुटल्यावर ट्रिगर हळूहळू पुढे सोडत गेलात, तर एका जागी टिक असा आवाज येतो आणि बोटाला हलका ठोका जाणवतो. तो रीसेट. ग्लॉकचा रीसेट स्पष्ट आहे, आवाजही ठसठशीत. माझ्या मते ग्लॉकचा खरा गुण हाच आहे. दुसरी गोळी शिस्तीत झाडायला शिकायचं असेल, तर हा ठोका पुरेपूर शिकवतो.

पुण्या-कोल्हापूरच्या क्लबांमध्ये एअर पिस्तूल झाडून आलेल्या मुलामुलींनी इथे थोडं थांबून विचार करावा. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम ठरवलेलं असतं, पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तुलाचं १००० ग्रॅम. राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं ते याच पंचवीस मीटर प्रकारात, .२२च्या पिस्तुलावर. त्या सवयीचा हात अडीच किलोच्या ट्रिगरवर गेला की बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. शिवाय भारतात ९ मिलिमीटरचं काडतूस प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना सहसा परवाना न मिळणाऱ्या प्रकारात, मोडत असल्यामुळे या पिस्तुलांचा सराव तिथल्या क्लबात होत नाही. त्यामुळे चांगल्या नेमबाजाच्याही गोळ्या इथे पहिल्या मॅगझिनमध्ये नेमाच्या खाली लागतात.

आता सेफ्टी. ग्लॉकच्या ट्रिगरच्या मधोमध एक छोटी पट्टी असते. बोट नीट ट्रिगरवर ठेवल्याशिवाय ती दबत नाही, आणि ती दबल्याशिवाय ट्रिगर हलत नाही. आत आणखी दोन अडथळे आहेत: स्ट्रायकरला रोखणारी खिटी, आणि पिस्तूल पडलं तरी ट्रिगर बार खाली उतरू न देणारी खाच. ट्रिगर दाबताना तिन्ही एकामागून एक बाजूला होतात. पी ३२०च्या नेहमीच्या ट्रिगरवर ती पट्टी नाही. स्ट्रायकरला रोखणारी खिटी तिथेही आहे, पण ट्रिगर एकसंध. २०१७मध्ये याच ट्रिगरवरून मोठा गदारोळ झाला. पिस्तूल ठरावीक कोनात, स्लाइडचा मागचा भाग खाली येईल असं पडलं, तर ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे सरकून गोळी सुटू शकते, असं चाचण्यांत दिसलं. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने अपग्रेडची योजना आणली: हलका ट्रिगर, हलका सिअर आणि स्ट्रायकर, आणि स्लाइड पूर्ण बंद नसेल तर गोळी सुटू न देणारा एक वेगळा डिस्कनेक्टर. पुढेही ट्रिगर न दाबता गोळी सुटल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या. काही ज्यूरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले. ट्रिगर दाबल्याशिवाय हे पिस्तूल उडत नाही, ही भूमिका कंपनीने सोडलेली नाही. भाड्याने घेताना काउंटरवर एवढं जरूर विचारा की हे पिस्तूल २०१७नंतरचं किंवा अपग्रेड केलेलं आहे ना. असा प्रश्न विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

तोच फरक साफसफाईच्या वेळी पुन्हा दिसतो. ग्लॉकची स्लाइड काढायची तर आधी ट्रिगर दाबून स्ट्रायकर सोडावा लागतो. चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, रिकामं आहे अशी नुसती समजूत करून कुणी तो दाबला, तर अनर्थ होतो. म्हणून मॅगझिन आधी बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालूनही खात्री करायची. हा क्रम चुकवायचा नाही. पी ३२०मध्ये स्लाइड मागे अडकवून डावीकडची लहान दांडी फिरवली की स्लाइड पुढून निघून येते, ट्रिगरला हात लावावा लागत नाही. इथे पी ३२० सरस आहे, यात वाद नाही. उलट एक गोष्ट ग्लॉकच्या बाजूची: स्ट्रायकर सुटलेला असेल तर ट्रिगर मागेच राहतो, ताणलेला असेल तर पुढे असतो. नुसत्या नजरेने पिस्तुलाची अवस्था कळते. पी ३२०चा ट्रिगर दोन्ही वेळा पुढेच येतो. अर्थात ट्रिगर कुठेही असला तरी पिस्तूल भरलेलंच आहे असं धरूनच ते हातात घ्यायचं.

हातात बसण्यातला फरक त्या मानाने लवकर लक्षात येतो. ग्लॉकची मूठ जास्त कललेली आहे. सरळ मुठीची सवय असलेल्याचं पिस्तूल सुरुवातीला वर बघतं. नळी मात्र हाताच्या जवळ, खाली बसते, त्यामुळे धक्का सरळ मागे येतो. पी ३२०ची नळी किंचित उंच आहे. त्याला कारण त्याचा इतिहास: ते घोड्याच्या पी २५० या मॉडेलवरून बनवलं गेलं. त्याच पी २५०कडून त्याला एक मोठा फायदाही मिळाला. ट्रिगर आणि सिअरचा सगळा संच एका धातूच्या चौकटीत आहे, ती चौकट काढून लहान-मोठ्या मुठीत बसवता येते. अमेरिकन कायद्याच्या नजरेत ती चौकटच ‘पिस्तूल’ आहे, क्रमांक तिच्यावर असतो. लहान हातांच्या बाईला किंवा मोठ्या पंजाच्या माणसाला एकाच यंत्राला हवी ती मूठ लावता येते. ग्लॉकमध्ये फ्रेम तीच राहते, मागची पट्टी तेवढी बदलते. २०१७मध्ये अमेरिकन लष्कराने पी ३२०वर आधारलेली एम १७ आणि एम १८ ही पिस्तुलं निवडली, त्या स्पर्धेच्या अटींमध्ये ही बदलती मूठ होतीच. ग्लॉकचा दबदबा जुना आहे: ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२मध्ये ग्लॉक १७ स्वीकारलं, आणि त्याचं आखूड रूप असलेलं १९ हे १९८८मध्ये आलं.

रेंजवर जाण्याआधी मराठी घरांमध्ये हमखास राहून जाणारी एक बाब. एच-१बी, एफ-१, बी-२ असे नॉन-इमिग्रंट व्हिसा असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेऊन झाडणंही त्यात येतं. वैध हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना हौसेने रेंजवर नेणाऱ्यांनी हे आधी तपासावं, कारण इथे चूक झाली तर ती थेट व्हिसावर येते.

दोन्हींची तुलना करायची तर एकाच डब्यातल्या ११५ ग्रेन वजनाच्या गोळ्या घ्या, कागद सात यार्डांवर लावा, आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळा कागद द्या. एका मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरा आणि आलटून पालटून झाडा, म्हणजे थकलेल्या हाताचा दोष एकाच पिस्तुलाच्या माथी बसत नाही. उजव्या हाताच्या नवख्याच्या गोळ्या खाली-डावीकडे गेल्या, तर नेम धरायच्या साइटला हात लावू नका. ट्रिगर दाबताना मूठ आवळली जाते आहे. ही खोड ग्लॉकवर जास्त ठळक दिसते, पी ३२०वर बरीच झाकली जाते. पहिल्याच दिवशी कागदावर गोळ्यांचा छान गट पडावा असं वाटत असेल तर पी ३२० घ्या. शिकायचं असेल तर मी ग्लॉक १९ देईन, आणि सुरुवातीच्या पाच गोळ्यांत कागदाकडे बघूच देणार नाही. नजर पुढच्या साइटवर, बोट रीसेटवर.